दौलतरावाचा सोपानवर विश्वास का?

माणसाने एक वेळ वायरमनच्या मागे लागावं, ऊसतोडीच्या मुकादमाच्या मागे लागावं, पण आमच्या नानासोंना नाटकात घेऊ नये. हे मी दर वर्षी म्हणते आणि दर वर्षी यात्रा जवळ आली की त्यांच्याच दारात जाऊन उभी राहते. करणार काय? बिरोबाच्या यात्रेला आमच्या गावात लोक नाटक बघायला येतच नाहीत. ते नानासोंना शिव्या घालायला येतात.

माझं माहेर औंध, सासर आष्ट्याजवळचं हे गाव. इस्लामपूरच्या एका शाळेत मी मराठी शिकवते. ‘क्रांतीबाईंना मराठी येतं’ एवढ्या एका पुराव्यावर गावाने यात्रेचं नाटक लिहिण्याचं आणि बसवण्याचं काम माझ्या गळ्यात बांधलं. गणित शिकवत असते तर सुटले असते.

नानासो पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सत्तरीला टेकलेले, अंगाने उभे, आवाज असा की ओढ्यापलीकडच्या म्हशी माना वर करतात. एरवी माणूस देवासारखा. शाळेला निघालेल्या पोरांच्या हातावर खिशातल्या भाजलेल्या शेंगा ठेवेल, कुणाची मोटर बिघडली तर हातातला घास ठेवून जाईल. पण स्टेजवर चढले की गावातल्या बायका पदर सावरून बसतात. एकदा बलुतेदाराच्या जमिनीवर डोळा ठेवणाऱ्या सावकाराचं काम त्यांनी असं केलं, की दुसऱ्या दिवशी किराणा दुकानदाराने त्यांना साखर द्यायला नकार दिला.

पलटणीतला माणूस असूनही त्यांची मिशी सफाचट. कारण विचारलं तर म्हणतात, “सोताची मिशी ठिवली तर समदे खलनायक सारखेच दिसत्यात.” त्यामुळे त्यांची मिशी दर वर्षी सांगलीहून येते. चांदसाहेब नावाचे मेकअपवाले आहेत, त्यांच्या ट्रंकेत दाढ्या, मिशा, टोप आणि गोंदाच्या बाटल्या असतात. सगळं भाड्याने. चांदसाहेबांनी नानांच्या ओठावर मिशी दाबून बसवली की तिथून पुढे नाना नाना नसतात. ‘नाना’ म्हणून हाक मारली तर ओ देत नाहीत. त्यांच्या बायकोने, अंजनाकाकींनी, एकदा मेकअपच्या खोलीत चहा नेला आणि ‘आवं, च्या घ्या’ म्हणाल्या. तर यांनी मिशीवर बोट फिरवून विचारलं, “ह्या बाईला आत कुनी सोडलं?” काकी ती गोष्ट मरेपर्यंत हसून हसून सांगत होत्या.

काकी गेल्या, मुलगा नोकरीसाठी बाहेर. नाना एकटे राहतात. पण रोज संध्याकाळी त्यांच्या ताटाशेजारी दुसरं ताट असतं, ते त्यांच्या पुतण्याचं. राजवर्धनचं. आणि इथून भानगड सुरू होते.

राजवर्धन हा हंबीररावांचा मुलगा. हंबीरराव म्हणजे नानांचे सख्खे थोरले भाऊ, ओढ्याच्या पलीकडे राहतात. दोघांची विहीर एक, मोटर एक. पाण्याच्या पाळीवरून आठ-नऊ वर्षांपूर्वी भांडण झालं. हंबीररावांनी मोटरच्या पेटीला कुलूप घातलं. नानांनी ते दगडाने तोडलं आणि रागाच्या भरात अशी मोटर चालू केली की ती जळाली. दोघांचाही ऊस वाळला. मग नाना तसेच तणतणत बिरोबाच्या देवळात गेले आणि त्यांनी भंडारा उचलला.

आमच्याकडे देवापुढची हळद, म्हणजे भंडारा, मुठीत घेऊन बोललेला शब्द फिरत नाही. नाना म्हणाले, “ह्या नानासोच्या तोंडानं हंबीररावाशी बोललो, तर ही जीभ झडंल.” झालं. राग दोन महिन्यांत उतरला असेल, शपथ उतरली नाही. पुढे पुजारी म्हणाला की देवाची माफी मागून शब्द परत घेता येतो. नाना म्हणाले, “दिलेला शब्द मागारी घ्यायचा म्हंजी तो दिलाच कशाला?” आता या माणसापुढे डोकं फोडायचं की कपाळ, तुम्हीच सांगा.

हंबीररावही काही कमी नाहीत. शपथ त्यांनी घेतली नव्हती, त्यांना बोलता आलं असतं. पण ‘त्यो बोलत न्हाई तर मी का बोलू’ हा त्यांचा हट्ट. त्यामुळे दोन घरं, मध्ये ओढा आणि दोन्ही घरी जेवणारा राजवर्धन. गाव म्हणायचं, हा पोरगा काकाच्या घरातली बित्तंबातमी बापाला नेतो. ते खरंच होतं. नानांना रात्री खोकला आला तर सकाळी ओढ्यापलीकडून अडुळशाचा काढा यायचा, ‘आईनं दिलाय’ म्हणून. ‘औंदा उसाची लागण उशिरानं करावी’ असं नाना जेवताना म्हणाले की पलीकडेही लागण थांबायची. मी एकदा न राहवून सांगितलं, “नाना, तो पोरगा इथलं सगळं तिकडं सांगतो.” नाना शांतपणे म्हणाले, “म्हाईत हाय.” आणि राजवर्धनच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मी कपाळावर हात मारून घेतला.

गेल्या वर्षीचं नाटक मी चांगलं महिनाभर जागून लिहिलं होतं. नाव सांगत नाही, आता माझं मलाच ते ऐकवत नाही. दौलतराव नावाचा वाळूचोर, कृष्णेचं पात्र ओरबाडणारा. त्याचा जीपड्रायव्हर सोपान. हा सोपान दौलतरावाचं मीठ खातो आणि त्याची प्रत्येक बातमी तहसीलदारबाईंना पोचवतो. दौलतराव नाना, सोपान राजवर्धन. पहिल्या वाचनाला, प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात, सगळे टाळ्या वाजवत होते आणि नाना मात्र पान उलटं-सुलटं करत बसले होते.

“बाई, एक इचारू?”

“विचारा की.”

“दौलतरावाच्या गाड्या तीनदा धरल्या. तिन्ही येळंला सोपान संगं हुता. मंग दौलतराव त्येच्यावर इस्वास का ठिवतो?”

मी म्हटलं, लहानपणी सोपानने त्याला नदीतून ओढून वाचवलं, असं एक वाक्य घालू. नाना म्हणाले, “म्हंजी दौलतराव भिडस्त हाय. भिडस्त मानूस वाळू चोरत न्हाई बाई, वाचनालय चालवतो.”

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, दौलतराव गर्विष्ठ आहे, आपल्याला कुणी फसवेल असं त्याला वाटतच नाही. नाना म्हणाले, “गर्विष्ठ मानूस तर सोताच्या सावलीला बी पुडं चालू देत न्हाई. आमचा एक सुभेदार हुता...” आणि त्या सुभेदाराची गोष्ट तासभर चालली. तालीम राहिली बाजूला.

तिसऱ्या दिवशी मी चिडून म्हणाले, “नाना, त्याने विश्वास ठेवला नाही तर नाटक पहिल्याच अंकात संपेल! म्हणून ठेवतो!”

“म्हंजी तुमच्या सोयीसाटी दौलतरावानं येडं व्हायचं?” नानांनी वही मिटली. “मला कळल्याबिगर मी स्टेजवर पाय ठिवनार न्हाई. खोट्या मानसाचं बी काम खरं कराय लागतं.”

मी घरी येऊन भांडी आपटली. नवरा म्हणाला, दुसरा खलनायक बघ. दुसरा कुठून आणू? नानांच्या जागी दुसरा उभा केला तर लोक शिव्या कुणाला देणार? मला देतील.

त्याच आठवड्यात बातमी आली की हंबीररावांच्या हृदयाच्या नसा तुंबल्यात, यात्रा झाली की मिरजेला बायपास करायची. गावात तेवढीच चर्चा. नाना त्या संध्याकाळी तालमीला आले आणि वाक्य म्हणता म्हणता मध्येच थांबले. मला वाईट वाटलं. सख्खा भाऊ टेबलावर जाणार आणि ‘जा, नीट ये’ एवढे तीन शब्दही या माणसाला म्हणता येत नाहीत. म्हणता येत नाहीत म्हणजे काय, स्वतःच स्वतःच्या तोंडाला कुलूप घातलेलं. वाईट वाटता वाटता माझा संतापच झाला.

शेवटी मला एक युक्ती सुचली आणि ती सुचली तो दिवस मी अजून शिव्या देत आठवते. मी प्रवेशच नवा लिहिला. दौलतराव सोपानला देवळात नेतो, भंडारा उचलायला लावतो. सोपान खोटी शपथ घेतो. म्हणून दौलतरावाचा विश्वास.

नानांचे डोळे चमकले. “हां! आता बोललासा.”

मी सुटकेचा श्वास सोडतेय तोवर राजवर्धन म्हणाला, “बाई, मला न्हाई जमायचं.”

“काय नाही जमायचं?”

“भंडाऱ्यावर खोटं बोलायचं. बिरोबापुढं.”

“अरे, भंडारा नाही तो! किराणातली हळद आहे, पुडी फोडून ठेवलीय.”

यावर नाना उसळले. “किराणातली हळद? मंग ती शपत कसली? भंडाराच पायजे. देवळातला.”

एक म्हणतो खरा भंडारा असेल तर हात लावणार नाही, दुसरा म्हणतो खरा नसेल तर विश्वास ठेवणार नाही. आणि मी दोघांच्या मध्ये वही धरून उभी. मला वाटलं, ती वही ओढ्यात टाकावी आणि सरळ औंधला निघून जावं.

पण नानांनीच ते मनावर घेतलं. चुलता-पुतण्याचा तो वाद मी कधी विसरणार नाही.

“आरं, तू तितं राजवर्धन न्हाईसच. सोपान हायस. शपत सोपानला लागंल, तुला काय?”

“काका, हात तर माजाच हाय की.”

“हात तुजा असंल. तोंड सोपानचं हाय.”

एवढ्यावर थांबतील ते नाना कसले. त्यांनी सगळ्यांना, मलासुद्धा, देवळात नेलं आणि पुजाऱ्याला विचारलं, “नाटकात बोललेलं मानसाला लागतं का?”

“न्हाई लागत,” पुजारी म्हणाला. “सोंगाचं बोलनं सोंगाला.”

“म्हंजी सोंगानं कुनाशी बी बोललं तरी ते मानसाचं बोलनं न्हवं?”

“न्हवं.”

“नक्की?”

“आवं नाना, आता काय आभाळात लिवून दिऊ?”

नाना इतके खूश झाले की त्यांनी सगळ्या मंडळींना एसटी स्टँडवर नेऊन भेळ खाऊ घातली. मला वाटलं, चला, माझ्या नाटकासाठी माणूस केवढा जीव टाकतोय. राजवर्धन तयार झाला. प्रवेश उभा राहिला. मग नानांच्या नव्या मागण्या सुरू झाल्या. पहिली, पुढच्या ओळीतली मधली खुर्ची हंबीररावांसाठी राखायची आणि त्या बाजूचा लाउडस्पीकर काढायचा. दुसरी, शेवटच्या प्रवेशात त्यांना चार वाक्यं स्वतःची बोलायची होती. कोणती, ते सांगायला तयार नव्हते.

“नाना, नाटक लिहिलेलं असतं. कुणीही उठून चार वाक्यं बोलायला ती ग्रामसभा नव्हे.”

“मंग दुसरा दौलतराव बघा.”

मी हात टेकले. बोला म्हटलं, चार काय चाळीस बोला.

यात्रेच्या दिवशी दुपारपासून शाळेच्या वर्गात मेकअप सुरू झाला, कारण चांदसाहेब एकटे आणि तोंडं रंगवायची डझनभर. नाना पहिले बसले. काळा कोट, कमरेला टिकल्यांचं पिस्तूल, आणि ओठावर ती मिशी, दोन्ही टोकं वर वळलेली, जाड. चांदसाहेबांनी अंगठ्याने दाबून धरली, गोंद वाळू दिला आणि म्हणाले, “झालं, दौलतराव.” नानांनी आरशात बघून गुर्र केलं. दाराशी उभी असलेली पोरं पळाली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. राजवर्धन.

“बाई, अण्णांच्या छातीत दुखाय लागलंय. मिरजंला पोचलोय. डॉक्टर आजच आपरेशन करू म्हनत्यात. नाटकाचं... मला न्हाई येता येनार.”

मी फोन ठेवला आणि सगळ्यांना हंबीररावांचं सांगितलं. बाहेर मांडवात लोक जमायला लागले होते, हलगी वाजत होती. कुणी म्हणालं, सोपानचं काम दुसऱ्याला द्या. कुणी म्हणालं, पुढच्या ओळीतली खुर्ची आता कुणाला द्यायची. मी नानांकडे पाहिलं तर जागा रिकामी. ते माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसले होते.

“चला,” म्हणाले.

“नाना, आधी मिशी तरी काढा! कोट तरी काढा!”

ते समोर बघत बसले. मांडवातून लोक ओरडत होते, कमिटीचे अध्यक्ष हातवारे करत धावत येत होते, चांदसाहेब मागून ‘बाई, मिशी! बाई, माझी मिशी!’ म्हणत होते. मी गाडी चालू केली. आणखी काय करणार होते?

आष्टा मागे पडेपर्यंत मी एकटीच बोलत होते. “नाना, औषधाच्या गोळ्या घेतल्यात का?” गप्प. “नाना, काच वर करू का?” गप्प. “नाना, अहो निदान मान तरी हलवा!” दगडाशी बोललं तर तो तरी कधीतरी घसरतो. ट्रॅक्टरमागे अडकले, हॉर्न वाजवला, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मिशी.

“दौलतराव,” मी म्हटलं, “पाणी पाहिजे का?”

“द्या,” ते म्हणाले.

दोन घोट पिऊन त्यांनी बाटली परत दिली. झाकण मात्र त्यांच्या मुठीतच राहिलं. माझा राग तिथेच विरघळायला लागला, पण मी तो धरून ठेवला, कारण राग सोडला असता तर मला रडू आलं असतं आणि समोर रस्ता दिसायला हवा होता.

“दौलतराव, एक विचारू? तुम्ही सोपानवर विश्वास का ठेवता?”

सांगलीवाडीचा पूल आला, खाली कृष्णेचं पाणी उन्हात पिवळं दिसत होतं.

“आवं बाई, दौलतराव काय येडा न्हाई. सोपान तिकडं सांगतो, हे त्येला पयल्या दिसापास्नं ठावं हाय. सोपानवर त्येचा इस्वास न्हाईच. सोपान तिकडं सांगनार, ह्याच्यावर इस्वास हाय.” पूल मागे पडला. “ज्या घरी आपल्याला जाता येत न्हाई, त्या घरी जानारं मानूस जपायचं असतंय. मंग ते त्यांचं असू दे न्हाईतर आपलं. पोटभर वाढायचं त्येला. उपाशी गेला तर निरोप अर्धाच पोचंल.”

खोकला आणि अडुळशाचा काढा, उसाची लागण, रोजचं ते दुसरं ताट, सगळं माझ्या डोळ्यांसमोर इतकी वर्षं होतं. पुजाऱ्याला विचारलेला तो प्रश्न, ती राखलेली खुर्ची, ती चार वाक्यं. हा माणूस माझं नाटक कशासाठी उभं करत होता ते मला मिरजेच्या वाटेवर कळलं.

हॉस्पिटलच्या दारात वॉचमनने अडवलंच. काळा कोट, रंगवलेलं तोंड, कमरेला पिस्तूल.

“हे कोण?”

“पेशंटचा भा...” मी म्हणायला गेले.

“वळखीचा,” दौलतराव मध्येच गरजले. वॉचमनने पिस्तूल काढून घेतलं. मी टिकल्या काढून दाखवल्या, ओळखपत्र दाखवलं, नाटकाची पत्रिका दाखवली. शेवटी मी त्याच्यावर इतकी ओरडले की तो बाजूला झाला. शिक्षिकेचा आवाज कधीतरी उपयोगी पडतो.

हंबीरराव पलंगावर टेकून बसले होते. हाताला सलाईन, छातीवर वायरी. माणूस निम्मा झाला होता. राजवर्धन पायाशी उभा. ऑपरेशनला न्यायला अजून थोडा वेळ होता, नर्स म्हणाली, दोनच मिनिटं.

हंबीररावांनी डोळे बारीक केले. “राजा, कोन रं ह्यो?”

राजवर्धनने काकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग मिशीकडे.

“दौलतराव हायेत, अण्णा. वाळूवाले.”

हंबीरराव बघत राहिले. मला वाटलं, आता हा हट्टी म्हातारा ‘भाईर काढा त्येला’ म्हणणार. म्हणाला असता तर मी तिथेच दोघांची मुंडकी एकमेकांवर आपटली असती.

“बसा, दौलतराव,” हंबीरराव म्हणाले. “लय वर्सांनी आलासा.”

नाना स्टुलावर बसले. घसा साफ केला. “हंबीरराव,” त्यांनी सुरुवात केली, आणि तो स्टेजचा आवाज ऐकून शेजारचा पेशंट उठून बसला. ते आवाज खाली घेत म्हणाले, “तुमच्या भावाचा निरोप आनलाय. नानासोचा. त्येला येता येत न्हाई.”

“म्हाईत हाय. भंडारा उचललाय येड्यानं.”

“व्हय. येडाच हाय त्यो.” नानांचा ओठ हलला. “त्यो म्हनतोय, कुलूप तोडलं ती त्येची चूक. मोटर जळली ती बी त्येच्यामुळंच.”

“कुलूप घातलं कुनी पर? त्येला सांगा, घालनारा जास्ती येडा हुता.”

“सांगतो.”

“आनि खोकल्याकडं बघ म्हनावं. राजा म्हनत हुता, परवा रातभर खोकत हुता.”

“सांगतो,” नाना म्हणाले. “त्यो म्हनतोय... भ्यायचं न्हाई. आत न्हेलं तरी भाईर बाकड्यावर त्यो बसलेला असंल. तुमी भाईर येस्तोवर उटनार न्हाई. आईनं...” त्यांनी स्टुलाची कड धरली. “आईनं त्येला सांगितलं हुतं, अण्णाला एकटं सोडू नगंस.”

डोळ्यांतून पाणी खाली उतरलं, रंगाचे ओघळ झाले आणि गोंद ओला होऊन मिशीचं उजवं टोक सुटलं. ते ओठावरून लोंबायला लागलं. नाना एकदम गप्प झाले. तोंड घट्ट मिटलं. त्यांना हात वर करायचंही भान नव्हतं. मी, राजवर्धन, आम्ही दोघंही त्या टोकाकडे बघत जागच्या जागी खिळलो, कारण ते पडलं की स्टुलावर नानासो बसलेले असणार होते आणि नानासोंना बोलता येणार नव्हतं.

हंबीररावांनी सलाईनचा हात उचलला. नळी ताणली गेली. त्यांनी ते टोक चिमटीत धरून जागेवर बसवलं आणि वरून अंगठा दाबून धरला.

“नीट चिकटवून घ्या, दौलतराव,” ते म्हणाले. “आजून लय बोलायचं हाय.”

ऑपरेशन नीट झालं. नाना बाकड्यावरून उठले नाहीत, मी त्यांचा चहा तिथे नेऊन दिला. नाटक मात्र त्या वर्षी झालं नाही. गाव मला अजून बोल लावतं, कमिटीचे अध्यक्ष समोरून आले की रस्ता बदलतात, आणि महिनाभर जागून लिहिलेली ती वही कपाटात पडून आहे. खलनायकाने ज्या चार वाक्यांसाठी मला छळलं, ती वाक्यं एका नर्सने आणि शेजारच्या पेशंटने ऐकली. माझ्या नाटकाला तेवढाच प्रेक्षक.

हंबीरराव घरी आले. आता राजवर्धनला फक्त एकाच घरी जेवावं लागतं, कारण संध्याकाळी नानाच ओढा ओलांडून पलीकडे जातात. अंगणात शिरायच्या आधी गोठ्याच्या भिंतीला टेकून खिशातली मिशी काढतात, गोंद लावतात, दाबतात आणि आत जातात. दोघे तासन् तास भांडतात. पाण्याच्या पाळीवरूनच. वरच्या ओठावर पुरळ उठलंय, डॉक्टर ओरडतात. मी म्हटलं, “नाना, आता तरी देवाची माफी मागा आणि सोडा ती शपथ.” तर म्हणतात, “शब्द म्हंजी शब्द, बाई.” या माणसाला खरोखर कुणी सुधारू शकणार नाही.

चांदसाहेबांचे फोन यायचे. बाई, मिशी कुठंय, सीझन आहे, दुसरी गावं मागतात. मी दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा म्हटलं, “चांदसाहेबभाई, परत नाही देता येणार. दौलतरावांची तालीम अजून चालू आहे. रोज. ओढ्यापलीकडं.”

पलीकडे ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

“मंग गोंद संपत आला आसंल, बाई,” ते म्हणाले. “बाटली धाडून देतो.”